आत्याचं वाक्य

माझ्या प्रवेश-अर्जातल्या पसंत्या, एक जुलै, दुपारी चार वाजेपर्यंत:

पहिली: हिशेबशास्त्र, स्लायगो
दुसरी: व्यवस्थापन, तेही स्लायगो
तिसरी: वाचा-उपचार, गॉलवे

बदल करायची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. मी मात्र दलदलीत वाकून जळणाच्या मातीच्या ओल्या विटा उभ्या करत होते. एकीला दुसरीचा टेकू द्यायचा, म्हणजे मधून वारा जातो. तिथे मोबाईलला रेंज नाही. मला हवीही नव्हती.

"काय भरलंस शेवटी, डर्व्हला?" फ्लास्कमधला चहा ओतत बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. अंड्याचं सँडविच खाणारी अट्रॅक्टा आत्या चावायची थांबली.

(आत्याबद्दल. तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात होती. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि तिचे शब्द गेले. मग दर मंगळवारी गॉलवेहून फिन्युला नावाची वाचा-उपचार करणारी बाई येऊन तिला बोलायला शिकवू लागली. आधी परत आल्या त्या शिव्या. बाकीचे शब्द सावकाश. फिन्युलाने घरात एकच नियम घातला: आत्याचं वाक्य आत्याच पुरं करेल. मला काय व्हायचंय, ते मला अशाच एका मंगळवारी कळलं.)

"तिसरं?" आत्या म्हणाली.

"त्याला फार गुण लागतात गं. म्हणून मिळण्यासारखं वर लिहिलं."

"मूर्ख!" हा शब्द झटकन आला. पुढचे नाही.

चार वीस.

"ते

वरून"

"ताई, म्हणजे वरून खाली वाच–" बाबा म्हणाले. आत्याने सँडविच फेकून मारलं. ते चुकवताना बाबा विटांवरच बसले.

"बघत

येतात.

जिथे तुझे गुण"

चार तेवीस. पुढचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. गिळला.

"पुरतात

तिथे

थांबतात."

मी उठायला लागले. तिने हात वर केला. अजून बाकी होतं.

"खालचं

कुणी

वाचतच नाही."

चार सत्तावीस. म्हणजे हिशेबाला माझे गुण पुरणार, गाडी तिथेच थांबणार आणि तिसऱ्या ओळीपर्यंत कुणी येणारच नाही!

"पण आत्या, वर वाचा-उपचार लिहिलं आणि गुण कमी पडले तर?"

"खाली

उतरतील.

तुझं काय जातं?"

बाबा पार्श्वभागावरची माती झटकत गाडीकडे धावले. "हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर मी आज इथे विटा लावत असतो का?"

"लावतच असतास," आत्या म्हणाली. एका दमात.

रेंज येते फक्त टेकडीवरच्या दफनभूमीत, तीही आजोबांच्या थडग्यावर चढलं तर. चढले. चार त्रेपन्न. फोनमध्ये चार टक्के जीव.

पहिली: वाचा-उपचार, गॉलवे
दुसरी: हिशेबशास्त्र, स्लायगो
तिसरी: व्यवस्थापन, असेना का

"गेला का अर्ज?" बाबा फाटकापासून ओरडले.

"गेला!"

"मग उतर आता माझ्या बापावरून!"

ऑगस्टमध्ये निकाल लागला आणि जागांची पत्रं आली. मला पहिली पसंती मिळाली. हिशेबाला लागतात त्याहून तर माझे गुण कितीतरी जास्त होते. जुनी यादी तशीच ठेवली असती, तर आज स्लायगोला खोली शोधत असते.

स्वयंपाकघरात बाबा नाचत होते. आत्याने तोंड उघडलं, तसे तेही एका पायावर थांबले.

"त्या दिवशी

तू

मधे

बोलली नाहीस."

मी मिठी मारायला पुढे झाले. तिने हात वर केला. किटली शिटी मारून दमली, तरी कुणी हललं नाही.

"काम

तुला

जमेल."