जेलरची कॅसेट

संग्राहक मित्र त्याला जेलर म्हणत. कपाटाला दोन कुलपं, आत व्हिडिओ कॅसेटींची गर्दी आणि मधल्या कप्प्यात एकटीच एक: तुरुंगातल्या एका खुनी न्हाव्याचा युरोपियन चित्रपट. तो कधी आला, कधी गेला, कुणाला पत्ताच नाही. नट अनोळखी, भाषा अगम्य, मूळ रिळं जळून खाक. म्हणूनच तर संग्राहक त्याच्यावर जीव टाकत. त्यातून जेलरची प्रत कोरी, दुकानातल्या प्लॅस्टिकसकट! बघायला येणारे हातमोजे घालून ती उचलत आणि तान्हं मूल झोपवावं तशी परत ठेवत. चित्रपट लावून बघावा, हे मात्र एकाही शहाण्याला सुचत नसे.

सुचलं ते त्याच्या ताईला. लहानपणी वडिलांनी चुकून दोघांना याच चित्रपटाला नेलं होतं आणि शेवटी कधी नव्हे ते वडील रडले होते. आता ताईची नजर फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"बाबा रडले ती जागा तेवढी एकदा दाखव रे."

"ताई, प्लॅस्टिक फाडलं की संपलंच ना सगळं."

"बरं, राहिलं," ती म्हणाली आणि पुन्हा विषय काढला नाही. ते त्याला जास्त लागलं.

पुढच्या खेपेला आली तेव्हा ताईने चहा कपाबाहेर ओतला आणि हसत पुसून घेतला.  जेलर उठला, कुलपं काढली आणि प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. बाकीच्या कॅसेटी तो दरवर्षी फिरवून ठेवायचा, म्हणजे फीत चिकटत नाही. हिला तेवढं हात लावायची सोय नव्हती. सगळ्यात जपलेल्या कॅसेटलाच बुरशी लागली होती.

ताई एकटक बघत होती. हळूच म्हणाली, "सगळं पांढरंच दिसतंय रे. गेले का माझे डोळे?"

"नाही गं! कॅसेट गेली. मलाही काही दिसत नाहीये."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

"वाचले बाई! कॅसेटच ना, मग जाऊ दे." तिचा चेहरा उजळला. ते बघून जेलरला हसावं की रडावं कळेना.

"आवाज तर येतोय," ताई म्हणाली. "चित्र तू सांग. तेव्हा पाहिलेलं तुला पाठ असेल."

त्याने फीत शेवटाकडे पळवली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. "न्हावी वस्तऱ्याला धार लावतोय. समोर म्हातारा पहारेकरी, मान वर करून बसलाय."

"घाबरलाय?"

"नाही. डोळे मिटून बसलाय."

ताईनेही डोळे मिटले.