कंबरमोडीची तपकिरी कुपी

मित्रांनो, मी काही जुनीपुराणी वस्तू नाही. जेमतेम दोन महिन्यांची, बोटभर उंचीची काचेची कुपी आहे. तरी मला माझीच भीती वाटते.

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या तृप्तीने मला भरलं. कंबरमोडी या रानटी झुडपाचा पाला उकळून गाळला, त्यात चांदीच्या क्षाराचं पाणी ओतलं आणि पिवळट रस बघता बघता कोऱ्या चहासारखा झाला! म्हणजे चांदीचे नॅनो कण तयार झाले, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजार सहज मावतील. प्रयोगाच्या बशीतले जंतू मी पटापट मारले, टाळ्या मिळवल्या. तिचे सर मात्र म्हणाले, "जंतू मेले, छान. माणसाच्या पेशी जगतात का, ते पाहायचं आहे अजून."

तृप्तीने मला दाखवायला जवळच्या शहापूरला घरी नेलं. तिथे तिचे वडील केवळराम पाय धरून बसलेले. धानकापणीत विळा लागला होता. त्यात साखरेचा आजार, जखम भरतच नव्हती.

"लाव ना वं पोरी," आई गोदावरीबाई म्हणाल्या. "कंबरमोडी तं आपण जखमेवर चोळतोच. पाल्यानं काय होते? काहून भेतेस?"

"आई, हा नुसता पाला नाही राहिला आता."

"लाव बाप्पा," केवळराम हसले. "पायाले चांदी चढन, गावात भाव वाढन माहा."

वडिलांच्या थट्टेने तृप्तीची भीड मोडली. तिने माझं बूच उघडलं. मला कुठे ओरडता येतं?

दोन दिवस जखम कोरडी दिसली. मोहल्ल्यात माझं कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी कडा काळवंडल्या. पाचव्या दिवशी पाऊल चपलेत मावेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय लावलं होतं?"

"पाला," गोदावरीबाई घाईने म्हणाल्या आणि लेकीचा हात दाबला. कॉलेजात कळलं तर पोरीला काढतील, ही धास्ती.

तृप्तीने हात सोडवून घेतला. मला टेबलावर ठेवून सगळं सांगितलं.

"हे मांसात किती खोल जातं? यानंच झालं का हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही, डॉक्टर. तेच पाहायचं राहिलं होतं."

डॉक्टरांनी जखमेच्या काळ्या कडा तपासल्या. मग त्यांनी ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

मित्रांनो, मी औषध आहे की विष, मलाही ठाऊक नाही. 'झाडापासून बनली' एवढ्यावर कुणालाही अंगाला लावू नका. आधी विचारा, हिची परीक्षा कोणी घेतली? आत ऑपरेशनच्या टेबलावर केवळरामांचा पाय आहे. बाहेर बाकावर तृप्ती मला मुठीत आवळून बसली आहे. माझ्यात अजून अर्धा रस शिल्लक आहे.