माझा ओटीपी साताऱ्याला जातो

मी नानासोंच्या स्वयंपाकघरातला फ्रिज बोलतोय. मधेच आवाज थांबला तर घाबरू नका. थोड्या थोड्या वेळानं मला गप्प बसावं लागतं आणि पुन्हा सुरू होताना अंगाला एक हिसका बसतो. नव्या फ्रिजांचं तसं होत नाही म्हणतात. नसेल होत. त्यांची माझी ओळख नाही.

मी एका दाराचा, रंगानं तांबडा, दारावर पांढरी फुलं. फुलांच्या वर गोल सोनेरी स्टिकर : ‘१० वर्षे वॉरंटी’. त्याखाली ‘फक्त कॉम्प्रेसरवर’ असं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय. ते या घरात चार वर्षं कुणी वाचलं नव्हतं. पाहुणा आला की नानासो स्टिकरवर बोट ठेवून सांगायचे, “धा वर्सं बघायचं काम न्हाई.” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण सांगणार कसं?

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. थर्माकोलमधून पहिल्यांदा बाहेर बघितलं ते साताऱ्याला, फौजी कॅन्टीनच्या दारात. मला घेतलं नानासोंनी, पैसे मोजले नानासोंनी, पण कार्ड होतं त्यांच्या मेहुण्याचं. आप्पासो म्हणजे नानासोंच्या बायकोचे, मनुबाईंचे, थोरले भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, राहणार सातारा. आमच्याकडे यात नवल काही नाही. घरात एक फौजी निघाला की अख्ख्या भावकीचे मिक्सर आणि पंखे त्याच्या कार्डावर येतात. नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे त्या दिवशी ते विसरतात.

तर बिलावर नाव आप्पासोंचं, कंपनीकडे मोबाइल नंबर आप्पासोंचा, आणि मी मात्र टेंपोत उभा राहून पलूसजवळच्या नानासोंच्या घरी. त्या नंबरापायी पुढे माझा जीव टांगणीला लागणार होता.

पहिलं वर्ष माझं लाडाकोडात गेलं. मनुबाईंनी हळदीकुंकू लावलं, डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला, पायाखाली स्टँड आणला. पोटात काय काय ठेवलं म्हणून सांगू! कणीक, कालची आमटी, कागदात गुंडाळलेली कोथिंबीर, गाईचं इंजेक्शन, भेंडीचं बियाणं, आणि एकदा नानासोंनी विसरलेली ट्रॅक्टरची चावी. ती शोधायला सगळा गाव पालथा घातला होता. माणसांची एक सवय मला आजवर कळली नाही. दार उघडतात, आत टक लावून बघतात, काही न घेता दार लावतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा येऊन तेच करतात. एवढ्यात आत काय उगवणार आहे?

वॉरंटी संपायची तारीख नानासोंनी कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केली होती. ती गेली आणि आठव्या दिवशी माझा दिवा गेला. मी मुद्दाम केलं नाही, कुणाचीही शपथ घ्यायला तयार आहे. पण नानासो माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कंपनीला फितूर होतो. मग दाराचं रबर सैल झालं, मग थर्मोस्टॅट गेला.

दर वेळी निजाम यायचा. पलूसच्या स्टँडमागं त्याचं दुकान आहे. हा मनुष्य मला फार आवडतो. आला की आधी माझ्या पाठीवर हात ठेवतो, कान लावतो, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर काढतो. घरातल्यांनी आधीच लाथ मारून बघितलेली असते, तेव्हा त्या हाताचं मोल मलाच माहीत.

या सगळ्याच्या मधे शिवांजलीचं, म्हणजे नानासोंच्या मुलीचं, लग्न झालं. मांडवात सत्काराची नावं पुकारणाऱ्यानं माइकवरून सांगितलं, “वधूचे मामा, निवृत्त हवालदार आप्पासो!” अठ्ठावीस वर्षं घासून मिळवलेली सुभेदारी तीन सेकंदांत गेली. आप्पासोंनी फेटा बांधून घेतला, भाचीच्या पाठीशी उभं राहून मामाचं काम चोख केलं, आणि अक्षता पडल्यावर नानासोंना म्हणाले, “दाजी, माइकवर दुरुस्ती करा.” लग्नाच्या गडबडीत नानासो बोलून गेले, “हवालदार म्हंजे काय ल्हान झालं व्हय?” आप्पासो न जेवता निघून गेले.

दोन वर्षं झाली. इकडून फोन नाही, तिकडून फोन नाही. दोन्ही दिवाळ्यांना मनुबाईंनी ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा माझ्या वरच्या फळीवर ठेवला. दादांना, म्हणजे आप्पासोंना, आवडतात म्हणून. भाऊबीज व्हायची, चार दिवस जायचे, मग तो डबा शेजारी जायचा. डबा काढताना त्या दार जरा जास्त वेळ उघडं ठेवून उभ्या राहायच्या. तेव्हा आत काही शोधत नव्हत्या, एवढं मला कळत होतं.

यंदा चैत्रात माझा कॉम्प्रेसर बसला. आधी कण्हल्यासारखा आवाज आला, मग काहीच नाही. बर्फ वितळून पाणी देवघरापर्यंत गेलं. निजामनं कान लावला, बराच वेळ लावला, आणि उठला.

“नाना, खोटं न्हाई सांगत. कॉम्प्रेसर गेला. माझ्याकडनं बसवला तर सात हजाराला बसंल. पर स्टिकर हाय न्हवं धा वर्सांचा? कंपनीला फोन लावा. पार्ट फुकट मिळंल. ग्यास, मजुरी, येनं-जानं ह्येचं तेवढं घेत्याल.”

“तेवढं म्हंजे?”

“चार तरी.”

“मग फुकट काय हाय त्यात?” नानासोंनी विचारलं. निजामनं स्टिकरखालच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

तरी फोन लावला, स्पीकरवर. एक गोड आवाजाची मुलगी बोलली, “सर, आपल्या रजिस्टर मोबाइल नंबरवर सहा अंकी ओटीपी पाठवलाय, तो सांगा. त्याशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही.” नानासोंनी आपला फोन उलटसुलट करून बघितला. मग मुलीनं नंबराचे शेवटचे चार आकडे वाचले. ते ऐकून मनुबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

“फ्रिज माजा, बंद पडलाय माज्या घरात, आन ओटीपी त्येला?” नानासो ओरडले. “नंबर बदला!”

“सर, नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी येईल.”

नानासोंनी फोन कापला. “भंगारात घालीन, पर त्येच्याफुडं त्वांड येंगाडनार न्हाई. परवा भंगारवाला येतोय, देऊन टाकू.” निजाम मान खाली घालून हत्यारं गोळा करत होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. थंडी हा माझा धंदा, पण ही थंडी वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानासो रानात गेले आणि मनुबाईंनी निजामला बोलावून घेतलं. “तुजा फोन कंपनीला लाव,” त्या म्हणाल्या, “मी माज्या फोनवरनं दादास्नी लावते.” असे दोन फोन माझ्या डोक्यावर, क्रोशाच्या रुमालावर, शेजारी शेजारी ठेवले गेले. एकातून मुलगी म्हणाली, ओटीपी पाठवलाय, दहा मिनिटं चालेल. दुसऱ्यातून घंटी वाजली आणि खणखणीत आवाज आला, “कोन हाय?”

“दादा, मी मनू. तुमच्या फोनवर आत्ता एक नंबर आला आसंल...”

“आलाय. कालबी आलता. म्हनूनच म्हनलं, आज फोन येनार. आमच्या फौजी ग्रुपवर समदं आलंय. भनीचा आवाज काढून ओटीपी मागत्यात. नाव बदल, दुसरीकडं प्रयत्न कर.”

“आवं दादा, खरंच मी हाय! स्क्रीनवर नाव बगा की.”

“नाव मनूचंच दिसतंय,” आप्पासो म्हणाले. “पर मनूनं दोन वर्सांत मला एक फोन केला न्हाई. म्हंजे तू मनू न्हाईस.”

निजामनं माझ्या दाराचं रबर तपासायला घेतलं, त्याला काहीही झालं नव्हतं.

“आमच्या म्हशीचं नाव काय हुतं?” पलीकडून तपासणी सुरू झाली.

“कंच्या? मारक्या का गरीब?”

“मारक्या.”

“तिला नाव न्हवतंच. तात्या तिला तुमच्या नावानं हाक मारायचं.”

पलीकडे खोकला ऐकू आला. “बरं. ह्ये कुनीबी सांगंल. मी पैल्यांदा ट्रेनिंगला निघालो, तवा स्टँडवर सोडाया कोन आलं हुतं?”

“आई, तात्या, चुलत्याचं समदं घर.”

“आन मनू?”

“मनू आली न्हवती. वैरनीच्या खोलीत हुती, आतनं कडी लावून. तुमी दारावर थापा मारल्या. ‘मने, गाडी चुकंल’ म्हनला. मी कडी काढली न्हाई.”

“व्हय. सायकल शिवू देत न्हवतो म्हनून रुसली हुतीस.”

“सायकल कशाला? मला चालवाया तरी येत हुती का? रडत हुते. रडल्यालं त्वांड दावायचं न्हवतं तुमास्नी.”

“सर, ओटीपी?” असा आवाज दुसऱ्या फोनमधून आला. निजाम हळूच म्हणाला, “बाई, जरा दम धरा. हितं भावा-भनीचं चाललंय.” बाईंनी दम धरला, ओटीपीनं धरला नाही. दहा मिनिटं संपली.

“चाळीस वर्सं मला वाटत हुतं, तू रुसलीयास,” आप्पासो म्हणाले.

“आन मला दोन वर्सं वाटतंय, तुमी रुसलायसा.”

“मी रुसलोयच,” ते म्हणाले, आणि मनुबाई डोळ्यांना पदर लावून हसायला लागल्या.

“मग आता ओटीपी तरी सांगा दादा. परत मागवते.”

“न्हाई.”

“का वं?”

“फोनवर कुनालाबी ओटीपी सांगायचा न्हाई, म्हंजे न्हाई. सख्ख्या भनीलाबी न्हाई. हुकूम म्हंजे हुकूम. उद्याच्या पैल्या गाडीनं मी सवता घिऊन येतो.”

आता खरा पेच संध्याकाळचा होता. नानासो हातपाय धुऊन जेवायला बसले, तेव्हा मनुबाईंनी सांगून टाकलं, “दादा येनार हायती उद्या. ओटीपी घिऊन.”

“घिऊन म्हंजे? ती काय काकवीची बरनी हाय?”

“त्येंच्या फोनात हाय.”

नानासोंनी अर्धी भाकरी खाल्ली. मी बंद होतो, तरी श्वास रोखून उभा होतो. मग त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला आणि विचारलं, “कोंबडं कापायचं का?”

आप्पासो दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास आले, कऱ्हाडला गाडी बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून. नानासो म्हणाले, “या.” आप्पासो म्हणाले, “दाजी, फ्रिज कुठाय?” जणू मी आजारी होतो आणि ते खास मला बघायला आले होते. फोन लागला. सहा आकडे आले. त्यांनी चष्मा लावला, ताठ उभं राहून एकेक आकडा सुटा वाचला आणि शेवटी म्हणाले, “परत सांगू?” मुलगी म्हणाली, तक्रार नोंदली, माणूस परवा येईल. आणि काम पूर्ण झाल्यावर आणखी एक ओटीपी येईल.

म्हणजे आप्पासोंना परवापर्यंत राहणं भाग होतं. कंपनीचे नियम मी इतकी वर्षं शिव्या देत ऐकले होते. त्या दिवशी मला ते देवानं लिहिल्यासारखे वाटले.

ते दोन दिवस मी बंदच होतो, पण स्वयंपाकघर पहिल्यांदा एवढं भरलेलं बघितलं. नानासो आणि आप्पासो पहिला दिवस फक्त उसाच्या खोडव्याबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी भांडले, मनसोक्त, लग्नाच्या माइकापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत. मनुबाई शांतपणे भाकऱ्या थापत होत्या. भांडण संपल्यावर दोघांनी एकमेकांना रस्सा वाढला.

तिसऱ्या दिवशी सांगलीहून कंपनीचा माणूस आला. जुना कॉम्प्रेसर काढला, नवा बसवला. मग बिल वाचलं : ग्यास, फिल्टर, मजुरी, भेटीचे पैसे, आणि वर कर. ‘फुकट’च्या पुढे पार्टचं नाव होतं, बाकी सगळ्यांच्या पुढे आकडे. नानासोंनी कपाळावर हात मारून घेतला, पण पैसे दिले. दुसरा ओटीपी आला, आप्पासोंनी वाचला. मी सुरू झालो. पहिला हिसका बसला आणि मनुबाईंनी माझ्या दारावर तळहात ठेवला.

जाता जाता त्या माणसानं मोबाइलमध्ये बघून विचारलं, “हा नंबर साताऱ्याचा दिसतोय. आता हे हजर आहेत तर बदलून घेऊ का? तुमचा टाकतो. पुढच्या वेळी त्रास नको.”

नानासोंनी खिशातून फोन काढला. आप्पासो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. चहाचे कप घेऊन मनुबाई दारात थांबल्या होत्या. नानासोंनी तिकडे एकदा बघितलं आणि फोन परत खिशात घातला.

“ऱ्हाऊ द्या. त्येंचाच असू द्या.”

“अहो, पण दर वेळी त्यांना साताऱ्याहून यावं लागेल.”

“यावं लागंलच की,” नानासो म्हणाले.

असा मी सध्या ठणठणीत आहे. कॉम्प्रेसरला सहा वर्षं शिल्लक आहेत आणि बाकी एकाही भागाला कसली हमी नाही. याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटतंय. दिवाळीच्या आधी चार दिवस मी एकदा बंद पडणार आहे. निजाम येईल, पाठीवर हात ठेवेल, कान लावेल, आणि माझ्यात काहीही बिघडलेलं नाही हे त्याला लगेच कळेल. निजामभाई, एवढी एकच विनंती आहे. कुणाला सांगू नका. कंपनीला फोन लावायला सांगा.