जांभळ्या पट्ट्यांपलीकडची हरिणी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, दोन नळ्यांची, गळ्यात अडकवायची. माझं रबर एका बाजूने सोलवटलं आहे आणि पट्टाही मूळचा नाही. काचा मात्र अजून चांगल्या आहेत. कारखान्यात त्या घासून बसवल्या, तेव्हा तपासणाऱ्या बाईने मला ढगाळ आकाशाकडे धरलं आणि ती समाधानाने हसली. उजेड गोळा करणं हा माझा गुण. बाहेर अंधारून आलं तरी माझ्यातून पाहणाऱ्याला बरंच काही दिसतं.

मला मनोहरकाकांनी विकत घेतलं. ते मूळचे अमरावतीचे. नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलायनात आले, इथलेच नागरिक झाले आणि ऑफिसातल्या मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जाऊ लागले. कॅरी या गावापासून तासाभरावर त्यांनी थोडं रान घेतलं होतं. तिथे ओकच्या झाडाला शिडीचं एक मचाण बांधलं होतं. काका माझं फार कौतुक करत. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून उगीच कशाकडे पाहू नये, म्हणत, कारण तिथे बंदुकीची नळीही वळते. पलीकडे माणूस असला तर? म्हणून आधी मला डोळ्यांना लावायचं, मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, आणि दोन्हींना हरणाचा खांदा स्पष्ट दिसला तरच बंदूक उचलायची.

हे सगळं त्यांनी ओळखीतल्या प्रीताला शिकवलं. प्रीता नागपूरची, एका औषध कंपनीत आकडेवारीचं काम करणारी. तिला शिकारीपेक्षा मचाणावरचं गप्प बसणं आवडे. घरी तिचा नवरा देवांग हरणाच्या मटणाला सावजी मसाला लावून रस्सा करी आणि काकांना जेवायला बोलवी.

प्रीता वर्क व्हिसावर होती. काकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की अशा माणसाला इथे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा चालू परवाना असला तरच चालतं. परवाना गेला, तर घरातली बंदूक हाच गुन्हा. म्हणून तिने आधी परवाना काढला आणि मगच बंदूक घेतली. तिच्या ग्रीन कार्डची फाइल तेव्हा कुठे पुढे सरकत होती.

त्या नोव्हेंबरात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. प्रीता पहिल्यांदाच एकटी मचाणावर चढली. काकांनी मला तिच्याकडे दिलं होतं, मी तिच्या गळ्यात होते.

दिवसभर काही आलं नाही. सूर्य बुडाला. इथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडता येते, आणि ती वेळ कळावी म्हणून तिने फोनला गजर लावला होता. तेवढ्यात पाइनच्या झाडांतून एक हरिणी बाहेर आली. प्रीताने मला डोळ्यांना लावलं. हरिणी तिरकी उभी होती, तिचं तोंड आमच्याकडे होतं आणि खांद्यावर एक फांदी आडवी येत होती. मी माझ्या परीने उजेड गोळा करत राहिले. खिशातला फोन थरथरला. प्रीताने हात घालून तो बंद केला. मग ती थोडी थांबली. हरिणी एक पाऊल सरकली.

प्रीताने मला खाली सोडलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. सरळ बंदूक उचलली आणि चाप ओढला.

हरिणी कोसळली नाही. पाठीला कुबड काढून ती ओढ्याकडे पळाली. गोळी पोटात लागली की हरीण असं पळतं. ओढ्यापलीकडच्या झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे होते. त्या रंगाचा अर्थ इथे सगळ्यांना माहीत आहे: परवानगीशिवाय आत यायचं नाही. ती जमीन मिसेस टिल्मन नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंची होती.

पोटात गोळी लागलेल्या हरणामागे लगेच जायचं नसतं, काही तास थांबायचं असतं. प्रीताने त्याच नियमाचा आधार घेतला. बाईंकडे गेलं तर त्या वेळ विचारतील, बार त्यांनीही ऐकला असेल, असे हिशेब करत ती गाडीत बसून राहिली आणि शेवटी घरी गेली. देवांगला तिने आज काहीच दिसलं नाही म्हणून सांगितलं.

सकाळी ती पुन्हा रानात आली आणि ओढ्याच्या अलीकडे उभं राहून तिने मला डोळ्यांना लावलं. लांबचं जवळ आणणं एवढंच मला येतं. पट्ट्यांच्या झाडांमागे, पाण्याच्या कडेला हरिणी पडली होती. तिचं पोट चिखलाने आणि रक्ताने माखलं होतं. तिने डोकं उचललं, ते थोडं डुललं, पुन्हा खाली गेलं. तरी प्रीताने मला खाली केलं नाही.

तिने काकांना फोन लावला.

"काका, ती जिवंत आहे अजून."

काकांनी किती वाजता बार काढला ते विचारलं. तिने खरं सांगितलं.

"टिल्मनबाईंना वेळ सांगू नकोस," काका म्हणाले. "नुसतं इंजर्ड हरीण तुमच्याकडे आलंय म्हण. तुझी फाइल आहे बेटा."

प्रीताने हो म्हटलं. बंदूक रिकामी करून गाडीत ठेवली आणि मला गळ्यात घेऊन ती बाईंच्या दारात गेली. दार उघडलं तेव्हा पाठ केलेलं वाक्य तिने नीट म्हटलं. मिसेस टिल्मन अंगावर स्वेटर ओढत ऐकत होत्या.

"कालचा तो उशिराचा बार तुझा होता?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," प्रीता म्हणाली. "वेळ संपली होती. मला माहीत होतं. आणि ती रात्रभर तिथे पडून आहे."

बाईंनी कागदावर परवानगी लिहून दिली, बूट चढवले आणि त्या बरोबर आल्या. प्रीताने गाडीतून बंदूक घेतली आणि ओढ्याकाठी जवळून दुसरी गोळी झाडली. नंतर ती तिथेच चिखलात बसली. बाई म्हणाल्या, मी कुणाला फोन करणार नाही, तुझं तू ठरव. प्रीताने स्वतःच वन्यजीव अधिकाऱ्याला फोन केला.

अधिकारी आला. त्याने सगळं लिहून घेतलं, समन्स दिलं आणि हरिणीला घेऊन गेला. मांस खाण्याजोगं राहिलंच नव्हतं. परवान्याचं काय होईल ते कोर्टावर होतं, म्हणून प्रीताने त्याच दिवशी आपली बंदूक काकांच्या कपाटात कुलपात ठेवली. वकिलाने सांगितलं, यापुढे फाइलमध्ये हे दाखवावं लागेल, परिणाम आत्ता सांगता येणार नाही.

घरी तिने देवांगला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्याशी तरी का खोटं बोललीस यार?"

काका काठी टेकत आले. चहा तसाच ठेवून खाली मान घालून म्हणाले, "नियम मी शिकवले, आणि वेळ लपव म्हणणाराही मीच." त्या वर्षी तेही मचाणावर गेले नाहीत.

फाइलचा निकाल अजून लागलेला नाही. मी प्रीताच्या कपाटात, डब्यात असते. डब्यावर धूळ आहे. कधीतरी ती मला बाहेर काढते, काचा मऊ फडक्याने पुसते आणि डोळ्यांना न लावताच परत ठेवते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी दुर्बीण तुमच्या घरी असेल, तर तिला ओलीपासून जपा, काचेला बोटं लावू नका. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. आम्ही दाखवलेल्या उजेडावर विसंबून कुणाच्या जिवाचा निर्णय घेऊ नका. त्या संध्याकाळी रानात अंधार झाला होता. तो पडला म्हणूनच हरिणी बाहेर आली होती. प्रीताला माझ्यामुळे दिसला नाही, आणि तिला तो पाहायचाही नव्हता.