सोनं न सोसणारा गळा

“अगं बाई, हिच्या अंगाला सोनं सोसत नाही!”

तीस वर्षं उलटून गेली, पण तो आवाज यमुनेच्या कानांत जसाच्या तसा होता. आवाज सखुबाईंचा, तिच्या नवऱ्याच्या आत्याचा. घरात सगळे त्यांना आत्यासाहेब म्हणत. यमुना तेव्हा या घरात नवी होती, हातांची मेंदीसुद्धा पुरती उतरली नव्हती. आत्यासाहेबांनी भरल्या बायकांत तिची हनुवटी बोटानं वर उचलली आणि ठुशीखाली गळ्याभोवती उमटलेली काळी रेघ सगळ्यांना दाखवली. कुणी म्हणालं, अंगात कडकी असेल. कुणी म्हणालं, पत्रिका पुन्हा दाखवून घ्या. संध्याकाळी ठुशी तिच्या गळ्यातून उतरली आणि लाल मखमलीच्या डबीत गेली.

पुढे लोक विचारू लागले, सूनबाईंचा गळा असा ओका का? तेव्हा यमुनेनं एक उत्तर तयार केलं. “मला सोनं आवडतच नाही.” हसून म्हणायची, मान जराशी वळवून म्हणायची. इतक्या वेळा म्हणाली, की जयसिंगरावांना, तिच्या नवऱ्याला, ते खरंच वाटलं. दिवाळीला ते न चुकता साडी आणायचे आणि मित्रांना इंदुरी थाटात कौतुकानं सांगायचे, “आमच्या घरात सोन्याचा हट्ट नाही, भिया.”

खरं काय ते तिचं तिला ठाऊक. दुपारी घर निजलं की ती डबी उघडायची. ठुशी ओंजळीत घ्यायची, मणी बोटाखालून एकेक सरकवायची, पण गळ्याशी न्यायची नाही. ओठांतल्या ओठांत मात्र कधीतरी गुणगुणायची:

सोनियाचे मणी, दाटीवाटीनं बसले
माझ्या गळ्याला गं बाई, दुरून पाहून हसले

आज ती डबी तिच्या हातून जाणार होती.

तिच्या मुलाचं, यशवर्धनचं, लग्न ठरलं होतं. पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला द्यायची, ही इंदूरची रीत. त्या सकाळी सासूनं सुनेच्या गळ्यात ठुशी घालायची आणि तिथून पुढे ती सुनेची, ही या घराची रीत. होणारी सून शर्वरी. वडील रेल्वेच्या ऑफिसात, ती स्वतः पोलोग्राउंडच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये. हसायला लागली की शेजारच्या घरात ऐकू जायची.

“आधी पावडर,” आत्यासाहेब खुर्चीतून म्हणाल्या. आता त्यांचं वय झालं होतं, पण हुकूम तोच. “आपल्याकडे उघड्या गळ्यावर दागिना घालत नाहीत. घामानं सोनं मळतं.”

मे महिना होता. घरात घामोळ्यांच्या पावडरीचा डबा हाताशीच होता. यमुनेनं शर्वरीच्या गळ्याला चांगली पांढरीफेक पावडर थापली, वर ठुशी ठेवली आणि मागे गोंड्याची गाठ मारायला घेतली. ती साधी गाठ मारायला तिला फार वेळ लागला.

“आई, जास्त टाइट झाली का?” शर्वरीनं विचारलं.

“नाही गं. बसली. छान बसली.”

खजरान्याला गणपतीचा वार बुधवार, त्यामुळे गर्दी. लाडवांच्या दुकानांपासून रांग लागलेली, वर ऊन. पत्रिका बाप्पाच्या पायांशी ठेवून सगळे बाहेर आले तेव्हा शर्वरीच्या कपाळावरून घाम निथळत होता. चपला घालताना आत्यासाहेबांचं लक्ष गेलं. त्या काठी टेकत पुढे झाल्या. एका बोटानं त्यांनी तिची हनुवटी वर उचलली.

“अगं बाई! हिच्याही अंगाला सोनं सोसत नाही.”

यमुनेच्या हातातली प्रसादाची टोपली कलली. गळ्यात काहीच नव्हतं तरी तिथं चटका बसला. आता ही पोरगी मान खाली घालेल, असं तिला वाटलं. मग हीसुद्धा एखादं उत्तर शोधेल, आणि हसून, मान जराशी वळवून म्हणत राहील.

शर्वरीनं पर्समधून मोबाइल काढला आणि कॅमेऱ्यात स्वतःचा गळा पाहिला. “अरे वा, काय मस्त काळं झालंय! यश, बघ ना. काजळाची पट्टीच.”

“हसतेस काय?” आत्यासाहेब म्हणाल्या.

“मग रडू का, आत्यासाहेब? घरी चला, तुम्हाला एक गंमत दाखवते.”

घरी आल्या आल्या तिनं ठुशी काढून यमुनेच्या हातात दिली, बेसिनवर साबणानं गळा धुतला आणि टॉवेल खांद्यावर टाकून बैठकीत उभी राहिली. गळा लख्ख.

“अंगातून आलं असतं तर साबणानं गेलं असतं का? आता तो पावडरचा डबा आणा. आणि यश, तुझी अंगठी दे.”

“मतलब? साखरपुड्याची आहे ती!”

“म्हणूनच हक्कानं मागतेय. दुसऱ्या कुणाची मागू का?”

जयसिंगराव पेपरमागून हसले. शर्वरीनं डाव्या मनगटाला पावडर लावली, उजवं कोरडंच ठेवलं. अंगठी आधी उजव्यावर घासली. काही नाही. मग डाव्यावर घासली, तर पांढऱ्या पावडरीत पेन्सिलीनं ओढावी तशी काळी रेघ उमटली.

“हे बघा. या पावडरीत झिंक ऑक्साइड असतं, डब्यावर लिहिलंय. ते सोन्यापेक्षा कडक. सोनं बिचारं मऊ. दागिना मानेवर हलतो, पावडर त्याला घासते आणि त्याची बारीक भुकटी निघते. भुकटी इतकी बारीक, की चमक राहत नाही, काळीच दिसते.”

“म्हणजे हे काळं सोनंच?” यमुनेनं विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

“सोनं, आणि त्यात मिसळलेलं तांबं, चांदी. निव्वळ सोन्याचे मणी टिकणार कसे? चेपतील. तांब्याला, चांदीला घामातलं मीठ लागलं की तेही काळवंडतात. कुणाला घाम जास्त, कुणाला कमी, कुणाचा जास्त खारट. इतकंच आहे, आई. सोसणं-बिसणं काही नाही. आणि तुम्ही काय करता? घाम येईल म्हणून आणखी पावडर लावता!”

यमुनेला आठवलं. पहिल्यांदा रेघ दिसली तेव्हा ती घाबरली होती आणि झाकायला म्हणून वरून दुप्पट पावडर लावली होती. जितकं झाकलं तितकं काळं झालं होतं.

“मग आम्हाला कसं नाही झालं कधी?” आत्यासाहेबांनी काठी आपटली.

“नाही झालं? की पुसलंत?”

यशवर्धननं घाईनं पंख्याकडे पाहिलं. जयसिंगरावांचा पेपर वर गेला. आत्यासाहेबांचा हात नकळत पदराच्या टोकाकडे गेला आणि तिथंच थबकला.

“पदर कशाला असतो मग,” त्या पुटपुटल्या, आणि पुढे स्वयंपाकाचं काय, असं उगाच विचारू लागल्या.

यमुना उठली. ठुशी तिच्या मुठीतच होती. मऊ फडक्यानं तिनं मणी न् मणी पुसला. पावडरीचा पांढरा थर सांध्यासांध्यांत बसला होता, तो हलक्या हातानं काढला. मग गळा धुतला, कोरडा केला आणि आरशासमोर उभं राहून, हात मागे नेऊन, गाठ मारली. ही गाठ एका झटक्यात बसली.

तशीच ती स्वयंपाकघरात गेली. मे महिन्याची दुपार, शेगडीवर तेल तापलेलं, पुऱ्या टम्म फुगून वर येत होत्या. घाम कानामागून उतरत होता, मण्यांवरून ओघळत होता. तिनं तो पुसला नाही. शर्वरी पुऱ्या लाटत होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि लाटण्याचा वेग वाढवला.

पंगत बसली. यमुना वाढायला बाहेर आली. श्रीखंडाचा चमचा तोंडाशी नेता नेता आत्यासाहेबांनी तिच्या गळ्याकडे रोखून पाहिलं. यमुना त्यांच्यासमोर वाकली, पुरी वाढली आणि आपणहून हनुवटी वर केली.

“बघा, आत्यासाहेब. नीट बघा.”

म्हाताऱ्या डोळ्यांनी बराच वेळ शोधलं. “मागं गाठीपाशी जरासं आहे,” त्या शेवटी म्हणाल्या.

यमुनेनं ओलं बोट मानेमागून फिरवलं. “गेलं?”

“गेलं,” आत्यासाहेब म्हणाल्या. मग हळूच, “शोभते हो तुला.”

जयसिंगराव बायकोकडे नव्यानं पाहत होते. “अगं, हे बरं झालं सगळं. पण तुला तर सोनं आवडत नाही. काढ आता, आणि सूनबाईंना दे. त्यांची आहे ती.”

शर्वरीनं हात पुढे केला नाही. यमुनेनंही हात गाठीकडे नेला नाही. तिनं पुऱ्यांची चाळणी खाली ठेवली.

“खोटं बोलत होते मी,” ती म्हणाली. “मला सोनं आवडतं. या घरात आले त्या दिवसापासून आवडतं, फार आवडतं. शर्वरी, तुमच्या लग्नात ही ठुशी मी घालणार आहे. तुला नंतर देईन. आणि नंतर म्हणजे कधी, ते मला इतक्यात विचारू नकोस.”