फक्त याच घरासाठी

मी एका घराचा जुना नकाशा आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. कोणी "जरा बघू" म्हणत माझ्याकडे हात केला, की लगेच माझ्या मनात पाल चुकचुकते.

माझा जन्म एका वास्तुरचनाकार बाईंच्या टेबलावर झाला. बाई पेन्सिल उचलण्याआधी घरातल्या माणसांकडे बघायच्या. आजोबांना चालवत नव्हतं, म्हणून त्यांची खोली न्हाणीघराला लागून काढली. काकू डावखुऱ्या, म्हणून ओट्याची मांडणी उलटी. तीन महिने खोडरबर फिरला, तेव्हा कुठे मी पुरा झालो. कोपऱ्यात बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'फक्त याच घरासाठी'.

घर बांधताना गवंडी मला रोज उलगडायचे, पाहुणे वाहवा करायचे. घर झालं आणि मी गेलो कपाटात, विजेच्या बिलांखाली. गरज सरो, वैद्य मरो!

वीस वर्षांनी काकूंनी घराची दुरुस्ती काढली. ठेकेदार आला. काय ते गोड बोलणं! मला तर तिथेच संशय आला.

"काकू, जुना नकाशा द्या ना. फक्त एक फोटो काढतो."

"काढा की. आमच्याच घराचा आहे, आमचाच तो."

अहो काकू, घर तुमचं, पण माझ्यावरची रेघन् रेघ बाईंची! कागद तुमच्या कपाटात राहिला म्हणून रेखाटनाचा हक्क तुमचा होत नाही. तो बाईंनी लेखी द्यावा लागतो. पण कागदाचं कोण ऐकतं?

आठ दिवसांनी ठेकेदार नवा नकाशा घेऊन हजर. कोपऱ्यात बाईंचं नाव गायब आणि तिथे याचं! आयत्या बिळावर नागोबा. वर म्हणतो कसा, "फार डोकं लावलंय, काकू. नव्या वसाहतीतली बारा घरंही यावरच बांधणार आहे. इथे सही करा, मंजुरीसाठी नगरपालिकेच्या कचेरीत देऊन टाकतो."

काकूंनी पेन उघडलं. माझा जीव टांगणीला लागला. ही सही झाली, की कचेरीच्या कागदोपत्री बाईंचं काम याच्या नावावर.

"अहो, शेगडीच्या मधोमध ही भिंत कसली?"

"ती... जुनीच आहे. आधाराची."

"जुनी? मग वीस वर्षं मी भिंतीतून हात घालून स्वयंपाक करतेय होय?"

काकूंनी मला शेजारी उलगडलं. मित्रांनो, ती भिंत नव्हतीच, ती माझी घडी होती! फोटोत काळी रेघ उमटली आणि या शहाण्याने ती भिंत म्हणून गिरवली. नक्कल करायलाही अक्कल लागते.

काकूंनी पेन बंद केलं आणि बाईंना फोन लावला. बाई आल्या. नव्या नकाशावर जिथे त्यांचं नाव असायला हवं होतं, तिथे त्यांनी बोट टेकवलं. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी ठेकेदाराला तिथेच लिहून दिलं, की बारा घरं थांबवा. काकूंना दुरुस्तीत हवे असलेले बदल मात्र त्यांनी आनंदाने कबूल केले.

आणि काकू? चहा देता देता म्हणाल्या, "बाई, माझ्या बहिणीलाही असंच घर हवंय. याची एक झेरॉक्स दिली तर चालेल ना?"

घ्या! बाई हसल्या. "घरात कोण कोण आहे?"

"ती एकटीच."

"मग चार खोल्या झाडून दमेल हो ती! तिला माझ्याकडे पाठवा."

काकू लाजल्या. पण त्यांनी विचारलं, हे खरं. तुम्हीही कोणाचं चित्र, कोणाचा नकाशा उचलण्याआधी असंच विचारा, मित्रांनो.

आता माझा काकूंवर विश्वास बसला आहे. थोडासा. त्या मोबाइल घेऊन खोलीत आल्या, की मी अजूनही आधी त्यांचा अंगठा फोटोच्या बटणावर तर नाही ना, ते बघतो.