डावीकडे ओढणारी मोटार

मित्रांनो, रस्त्याने जाताना लोक अजूनही वळून बघतात, अशी मी एक जुनी मोटार आहे. गोल दिवे, लांब नाक, आत लाकडी डॅशबोर्ड. कारखान्यातून निघाले ती थेट अप्पांच्या दारात आले. त्यांनी मला लेकीसारखे जपले. त्यांच्या हाताखाली मी नाकासमोर धावत असे.

पण वय कोणाला चुकले आहे? माझ्या पुढच्या डाव्या चाकामागचा दांडा जागेवर धरणारे रबरी बुश झिजले आणि मी डावीकडे ओढू लागले. अप्पा जिवाच्या आकांताने मला रस्त्यावर धरून ठेवत. एके दिवशी मात्र मी त्यांच्या ताब्यात राहिले नाही आणि शेजाऱ्याच्या फाटकाला घासले.

"हात गेलेत तुमचे, अप्पा!" मुलगा चारचौघांत म्हणाला. "उद्या कुणाचा तरी जीव घ्याल."

सुनेने हसू दाबले. अप्पांनी मान खाली घालून किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

मुलाने मला गॅरेजमध्ये नेले. मेकॅनिकने हवा तपासली, पुढची चाके आपसात बदलली, तरी ओढ डावीकडेच. मग मला जॅकवर चढवून त्याने पहारीने चाकामागचा दांडा हलवला. खट्ट!

"बुश संपलेत, साहेब. चाक जागचं सरकतंय. अशी गाडी म्हाताऱ्या माणसाने इतके दिवस सांभाळली? कमाल आहे!"

"त्यांना सांगू नका," मुलगा म्हणाला. "पुन्हा किल्ली मागत बसतील."

'आपल्याला काय!' म्हणत मेकॅनिक कामाला लागला. नवे बुश बसले, दोन्ही चाके एका रेषेत आली.

मग मुलाने अप्पांना मागे बसवून मोकळ्या रस्त्यावर नेले आणि क्षणभर स्टिअरिंग सोडले. मी सरळ गेले. काय करणार?

"बघा! आता सांगा, दोष कुणाचा होता?"

अप्पा आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

"माझाच रे," ते म्हणाले.

मला ओरडावेसे वाटले. पण माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबावा लागतो.

मित्रांनो, गाडी एका बाजूला ओढू लागली, तर आधी तिची चाके तपासा. आणि खरे कळले की ज्याच्यावर ठपका ठेवला, त्याला ते सांगा. अप्पांना कोणीच सांगितले नाही. ते समोरच्या व्हरांड्यात बसलेले मला दिसतात. आता त्यांचे हात खरोखरच थरथरतात. सांडू नये म्हणून सून त्यांना चहा अर्धाच कप देते.